चौथी पायरी : मुंबईच्या उपनगरांत काम कसं शिकवलं गेलं

(मुलुंड येथे एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. भाषा वक्त्यांचीच ठेवली आहे.)

आत्ता ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे. ते ऐकून पहिल्या रांगेतल्या काकूंच्या चेहऱ्यावर जो प्रश्न आला, तो मला पंचवीस वर्षं ओळखीचा आहे. आमच्या भांडुपच्या चाळीत पहिल्यांदा ही बातमी गेली तेव्हा शेजारच्या मावशींनी आईला विचारलं होतं, "म्हणजे घरं सजवते का?" आई म्हणाली, "नाही हो, कंप्युटरवर धडे लिहिते." याहून चांगली व्याख्या मला आजवर मिळालेली नाही.

नोकरीवर असलेल्या माणसाला त्याचं काम शिकवायचं असतं. बँकेतल्या नव्या कारकुनाला केवायसी, औषध कारखान्यातल्या ऑपरेटरला मशीन, विमा कंपनीच्या एजंटला नवी पॉलिसी. हे कोणी शिकवायचं, कोणत्या क्रमाने, किती वेळात, आणि शिकला की नाही हे कसं ओळखायचं, याचा आराखडा करणं हे आमचं काम. नाव नवं आहे, काम जुनं आहे. आजचं व्याख्यान त्या जुन्या कामाबद्दल आहे, आणि ते आपल्याच परिसरात, म्हणजे घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात कसं बदलत गेलं याबद्दल. त्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. शिकवण्याची साधनं बदलली, दरवेळी जास्त माणसांना कमी वेळात शिकवता येऊ लागलं, आणि दरवेळी एकच पायरी गाळली गेली. ती कोणती, ते ओघात येईलच.

उमेदवार

सुरुवात एका शब्दापासून करू. उमेदवार म्हटलं की आज आपल्याला निवडणूक आठवते. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत "तो अमक्या कचेरीत उमेदवारी करतो" असं म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असे. पगार नाही, किंवा नावापुरता. जागा रिकामी होईल या उमेदीवर माणूस रोज जाऊन बसतोय, नकला करतोय, बघून बघून शिकतोय. उमेद धरून असलेला, तो उमेदवार. ॲप्रेंटिसला मराठीत आजही सरकारी शब्द आहे तो "शिकाऊ उमेदवार". हा शब्द मला फार आवडतो. 'लर्नर' या शब्दात उमेद कुठे दिसत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर आपल्याकडचा पहिला ॲप्रेंटिस कायदा १८५० चा. तो मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांसाठी होता. दहा वर्षांवरच्या आणि अठराच्या आतल्या मुलाला बापाने किंवा पालकाने करार करून एखाद्या कारागिराकडे बांधून द्यायचं, जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. म्हणजे शिक्षणाची जबाबदारी एका माणसाची, मालक-उस्तादाची.

गिरणगावात कागद नव्हता, पण रीत तीच. गावाहून आलेला मुलगा काका-मामाच्या ओळखीने खात्यात शिरायचा. जॉबर त्याला साच्यावर उभा करायचा, बदली कामगार म्हणून. तुटलेला धागा कसा जोडायचा हे कोणी फळ्यावर लिहून दाखवलं नाही. शेजारचा दाखवायचा, चुकलं की शिवी, जमलं की बिडी. मी या पद्धतीचं गुणगान करायला आलेले नाही. तिच्यात जात होती, गाववाल्यांची वशिलेबाजी होती, जॉबरची हातमिळवणी होती. ज्याचा मामा गिरणीत नाही त्याला दारच बंद. पण एक गोष्ट तिच्यात आपोआप होती. शिकवणारा आणि शिकणारा एकाच जागी, दिवसभर, वर्षानुवर्षं. आज चुकलेलं उद्या दुरुस्त करायला तोच माणूस शेजारी असायचा.

आग्रा रोडवरचे कारखाने

आता आपल्या रस्त्यावर येऊ. आज ज्याला आपण एलबीएस मार्ग म्हणतो त्याला माझे वडील शेवटपर्यंत आग्रा रोडच म्हणत. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली भांडुप आणि जोगेश्वरीपर्यंत आली, आणि १९५७ मध्ये मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली. त्याच सुमारास कारखाने उत्तरेकडे सरकत होते. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, विक्रोळीला गोदरेज, पवईला लार्सन अँड टुब्रो, कांदिवलीला महिंद्र, आणि भांडुप-मुलुंड पट्ट्यात औषधांपासून विजेच्या मोटारींपर्यंत सगळं. ही कामं कापड गिरणीपेक्षा वेगळी होती. इथे ड्रॉइंग वाचावं लागायचं, मायक्रोमीटर धरावा लागायचा. "बघून शीक" म्हणून भागणार नव्हतं, आणि काका-मामा पुरणार नव्हते.

म्हणून शाळा कारखान्याबाहेर काढावी लागली. केंद्र सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. मग आला शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ चा. त्याने शिक्षणाचे दोन भाग केले. आधी पायाभूत प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष शॉपफ्लोअरवर काम. ज्या कारखान्यात पाचशे किंवा अधिक कामगार असतील त्याने पायाभूत प्रशिक्षणाची सोय स्वतःच करायची, तीही उत्पादनापासून वेगळ्या जागेत. शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आणि प्रमाणपत्र. म्हणजे शिकलं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पहिल्यांदाच उस्तादाच्या हातून काढून बाहेरच्या परीक्षकाकडे गेला. वशिल्याला ही मोठीच कात्री होती.

माझे वडील याच वाटेने आले. मुलुंडच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड, मग भांडुपच्या एका कारखान्यात उमेदवारी, मग तिथेच टूलरूममध्ये कायम. कारखान्याचं नाव सांगत नाही, तो आता नाहीही. वडील सांगायचे, पहिले कितीतरी दिवस एकच काम. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासून सपाट करायचा. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. हाताला फोड यायचे. मी विचारलं, "बाबा, यात काय शिकलात?" ते म्हणाले, "कानस कधी थांबवायची ते."

फिटरला विचारा, तो सांगेल, सगळं शिक्षण त्या थांबवण्यात आहे.

अमेरिकेहून शीवला

याच काळात शिकवण्याचं एक शास्त्र आपल्याकडे आलं, ते मला आज थोडं निवांत सांगायचंय, कारण माझ्या व्यवसायाचं मूळ तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले तरबेज कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं, त्यांत लाखो बायका, भरली गेली. यांना झटपट शिकवायचं कसं? त्यासाठी तिथल्या सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, टीडब्ल्यूआय, नावाचा कार्यक्रम काढला. कामगाराला शिकवण्याआधी त्याच्या सुपरवायझरला शिकवायला शिकवायचं, ही त्यातली कल्पना. युद्ध संपेपर्यंत १६ लाखांहून अधिक लोक या वर्गांतून गेले. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांबरोबर १९५० च्या दशकात भारतात आली. पुढे आपल्या शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत टीडब्ल्यूआयचं केंद्रच होतं. ही संस्था १९५९ मध्ये कामाला लागली आणि १९६६ पासून शीवच्या आवारात आहे. तुमच्यापैकी कोणी कारखान्यात सुपरवायझर असाल तर सुरक्षिततेच्या प्रशिक्षणासाठी तिथे गेला असाल.

टीडब्ल्यूआयमधला काम शिकवण्याचा भाग चार पायऱ्यांचा. एका छोट्या कार्डावर मावणारा. इथे बसलेल्या शिक्षकांना हर्बार्टची पंचपदी आठवेल. हे तिचंच कारखान्यातलं भावंड समजा.

पहिली पायरी, माणसाची तयारी. त्याला मोकळं करा, त्याला आधीच काय येतं ते विचारा. दुसरी, काम दाखवा. एका वेळी एक टप्पा, आणि कुठे हात अडतो, कुठे धोका आहे, ती मेख सांगा. तिसरी, त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना त्याला बोलायला लावा. आणि चौथी, त्याला एकट्याला कामावर सोडा. पण अडला तर कोणाला विचारायचं ते नाव सांगा, वरचेवर जाऊन बघा, प्रश्न विचारायला लावा, आणि हळूहळू जाणं कमी करा.

ही चौथी पायरी लक्षात ठेवा. जुन्या उस्तादाकडे जी आपोआप होत होती, तीच इथे कागदावर आली. 'त्याला सोडा' आणि 'त्याच्याकडे जात राहा', ही दोन्ही वाक्यं एकाच पायरीत आहेत.

कामगाराला विचारून अभ्यासक्रम

इथवर जे शिक्षण मी सांगितलं ते उत्पादनासाठी होतं. पण मुंबईत दुसरीही एक परंपरा होती, कामगाराच्या स्वतःच्या शिक्षणाची. १९३९ साली मुंबईत साक्षरतेची मोठी मोहीम निघाली आणि त्यातून प्रौढ शिक्षणाचं काम उभं राहिलं, पुढे त्याचीच मुंबई शहर समाजशिक्षण समिती झाली. १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झालं, मुख्यालय आपल्या नागपूरला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मंडळ आधी शिक्षणाधिकारी तयार करी. ते कारखान्यांतून निवडलेल्या कामगारांना शिकवत. आणि हे 'कामगार शिक्षक' परत आपल्याच खात्यात जाऊन सोबत्यांचे वर्ग घेत, त्यांच्या भाषेत. शिकवणारा पुन्हा शेजारचाच माणूस झाला, फक्त आता तो तयारी करून आलेला होता.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग १९६७ चा. मुंबईत, वरळीला, देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. युनेस्कोचा त्यात हात होता आणि चालवणारी हीच समाजशिक्षण समिती. विद्यापीठ हा शब्द ऐकून मोठ्या इमारती डोळ्यांसमोर आणू नका. कल्पना अशी की कामगार कुठे राहतो, कोणत्या पाळीत काम करतो, त्याला नक्की काय अडतंय, याची आधी पाहणी करायची. मग त्या गटापुरता अभ्यासक्रम बांधायचा. वर्ग त्याच्या सोयीच्या जागी आणि वेळी घ्यायचा. आणि नुसतं कौशल्य नाही, तर त्याच अभ्यासक्रमात हिशोब, आरोग्य, कायदा, शहरात राहण्याचं ज्ञान असं सगळं गुंफायचं. म्हणून तिला बहुविध शिक्षणाची पद्धत म्हणत. पुढे ही योजना देशभर पसरली. २००० साली तिचं नाव जनशिक्षण संस्थान झालं.

आमच्या क्षेत्रात नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात 'नीड्स ॲनालिसिस' शिकवतात, परदेशी पुस्तकांतून. मी त्यांना सांगते, बाळांनो, हे वरळीला १९६७ साली चालू होतं. तेव्हा कोणाच्या व्हिजिटिंग कार्डावर इन्स्ट्रक्शनल डिझायनर लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

पवई, सीप्झ आणि अंधेरीची काचेची इमारत

आता पश्चिमेकडे वळू, पवईवरून. १९५८ मध्ये तिथे आयआयटी आली, आणि १९६३ मध्ये विहार तलावाजवळ एनआयटीआयई, म्हणजे नीटी. तिच्या मूळ नावात 'प्रशिक्षण' हा शब्द होता, औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था. नोकरीत असलेले इंजिनीअर आणि मॅनेजर तिथे छोट्या अभ्यासक्रमांना यायचे, कामाचं मोजमाप, वेळेचा अभ्यास, उत्पादकता शिकायला. २०२३ मध्ये तिची आयआयएम मुंबई झाली. म्हणजे फिटरसाठी मुलुंडची आयटीआय आणि त्याच्या साहेबासाठी पवई, अशी दोन टोकं या दहा किलोमीटरांत होती.

१९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ झालं. निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्स. लाइनवर मोठ्या संख्येने तरुण मुली. इथे काम इतक्या बारीक तुकड्यांत मोडलेलं की एक तुकडा शिकायला काही दिवस पुरायचे. उस्तादाची गरज उरली नाही, उमेदवारीचीही नाही. थोडक्यात शिका, पटकन लागा, आणि पटकन बदलले जा.

तिकडे अमेरिकेत शिकवण्याचं शास्त्र पुढे गेलं होतं. १९५९ मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या. माणसाला वर्ग आवडला का. तो काही शिकला का. कामावर गेल्यावर त्याचं वागणं बदललं का. आणि त्याचा कामाला काही फायदा झाला का. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी सैन्यासाठी एक आराखडा केला. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि नियंत्रण. पुढे नियंत्रणाच्या जागी मूल्यमापन आलं आणि त्याच्या आद्याक्षरांचं 'ॲडी' झालं. आज अंधेरीतल्या कुठल्याही लर्निंग कंपनीत गेलात तर भिंतीवर हे पाच गोल असतात.

या कंपन्या आल्या नव्वदच्या दशकात. अंधेरीत मुख्यालय असलेल्या ॲपटेकने १९८६ पासून संगणक शिकवणं घराघरांत नेलंच होतं. १९९० मध्ये टाटा इंटरॲक्टिव्ह सिस्टिम्स सुरू झाली, जगभरच्या कंपन्यांसाठी इ-लर्निंग करणारी. २०१८ मध्ये ती एमपीएस या कंपनीने घेतली. या दोन दशकांत अंधेरी-मरोळच्या पट्ट्यात एक नवाच व्यवसाय उभा राहिला. त्यात कोण आलं? इंग्रजी साहित्याच्या पदवीधर, बी.एड. केलेल्या शिक्षिका, माझ्यासारख्या रसायनशास्त्राच्या बी.एस्सी. आणि जुहूच्या एसएनडीटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातून रीतसर शिकून आलेल्या मुली. त्या मुलींना आम्ही जरा वचकूनच असायचो, त्यांना ब्लूम आणि गॅन्ये तोंडपाठ. बायकांना घरून करता येणारं, लग्नानंतर सोडून पुन्हा धरता येणारं हे काम, त्यामुळे बोरिवली-मुलुंडच्या कितीतरी घरांत या कामाचा पगार आला. माझ्याही.

अकरा क्लिक

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. साधारण २००३-०४ ची गोष्ट. एका औषध कारखान्याच्या पॅकिंग मशीनवर कोर्स करायचा होता. विषय समजावणारे एक साहेब त्यांच्या ऑफिसात भेटले, पीडीएफ मॅन्युअल दिलं. मी स्टोरीबोर्ड लिहिला, ॲनिमेटरने फ्लॅशमध्ये मशीन हुबेहूब काढलं. ऑपरेटरने अकरा क्लिक बरोबर क्रमाने केले की मशीन सुरू व्हायचं. शेवटी दहा प्रश्न. सगळ्या कामगारांना ८० टक्क्यांवर गुण. क्लायंट खूश, आम्ही केक कापला.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी मी पहिल्यांदा त्या शॉपफ्लोअरवर गेले. मशीनजवळ एक ऑपरेटर होते, वडिलांच्या वयाचे. मी कौतुकाने सांगितलं, कोर्स मीच केला होता. ते हसले आणि म्हणाले, "ताई, कोर्स बेस्ट होता. पण तुमच्यातलं मशीन आमच्याकडे आहेच कुठं? ते आधीच बदललं." नव्या मशीनवर एक व्हॉल्व्ह जास्त होता. त्याच्याशेजारी चिकटपट्टीने कागद लावलेला, बॉलपेनने लिहिलेला. आधी डावा व्हॉल्व्ह, मग सुईकडे बघ, मग बटण. खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं, सुई थरथरली तर बटण दाबू नको, कदमला हाक मार.

मंडळी, त्या चिठ्ठीत टीडब्ल्यूआयचं सगळं कार्ड होतं. क्रम होता, मेख होती, आणि अडला तर कोणाला विचारायचं ते नाव होतं. आमच्या अकरा क्लिकांत हे शेवटचं नव्हतं. ते विचारायचं आम्हाला सुचलंही नव्हतं.

का सुचलं नाही? मी नवखी होते हे एक. पण दुसरं कारण यंत्रणेतच होतं. २००० च्या आसपास अमेरिकेतून स्कॉर्म नावाचं मानक आलं. कोणताही कोर्स कोणत्याही कंपनीच्या प्रणालीवर चालावा, यासाठी. फार उपयोगी वस्तू. पण कोर्स चालवून झाल्यावर तिच्याकडून साहेबाला काय कळतं? कोर्स पुरा केला की नाही, गुण किती, किती मिनिटं बसला. म्हणजे कर्कपॅट्रिक यांच्या चारांपैकी फार तर दुसऱ्या पातळीपर्यंत. तिसरी पातळी, कामावर गेल्यावर काय झालं, त्यासाठी कोणाला तरी उठून जावं लागतं. त्या उठून जाण्याचे पैसे करारात नसतात. करार संपतो तो कोर्स सुपूर्द केला त्या दिवशी.

उस्तादाकडून शाळेकडे गेलो तेव्हा वशिला गेला आणि परीक्षा आली, चांगलं झालं. वर्गातून पडद्याकडे गेलो तेव्हा एकाच वेळी दहा हजार माणसांना शिकवता आलं, हेही चांगलं. पण दर वळणावर तीच चौथी पायरी आधी गळाली, कारण तिचा हिशोब मांडता येत नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घ्या. त्यावरचे कोर्स मी स्वतः केलेत, तुमच्यापैकी नोकरदारांनी 'नेक्स्ट-नेक्स्ट' करत ते पुरेही केले असतील. प्रमाणपत्र मिळालं. पण कोणा मुलीवर वेळ आली तर तिने कोणाला हाक मारायची, हे नाव तिला पाठ आहे का? कायद्याने समिती दिलीय, तिची नावं लावायलाही सांगितलीय. कोर्स संपल्यावर ते बघायला कोण जातं?

आणि आमचे ते सुंदर फ्लॅशमधले कोर्स? ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार बंद झाला आणि ते उघडेनासे झाले. वडिलांनी घासलेला लोखंडाचा तुकडा अजून घरी आहे, दाराला टेकू म्हणून.

पवईतला नवखा

निराश करून सोडायला मी आलेले नाही. ही पायरी जपणारेही आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे होतात. बोलणं मराठीसह अनेक भारतीय भाषांत, पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच, कारण नोकरीवर तेच दिसणार. धडा एका बाजूला, सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला, ऐकत ऐकत करून बघायचं. म्हणजे तिसरी पायरी. आणि रेकॉर्डिंगच्या आधी संहिता एका नवख्या माणसाला देतात. ज्याला तो विषय येत नाही त्याने ती वाचून तसं करून बघायचं. तो अडला तर संहिता बदलते. चूक शिकणाऱ्याच्या खाती जात नाही, लिहिणाऱ्याच्या खाती जाते. माझ्या अकरा क्लिकांना असा एक नवखा मिळाला असता तर!

उमेदवारीही परत येते आहे. १९६१ च्या कायद्यात २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. पैसे थेट मुलाच्या खात्यात, हे उत्तम. पण कुठल्याही अशा योजनेला माझा प्रश्न एकच असतो. त्या मुलाशेजारी कोण उभं आहे, त्याचं नाव काय?

प्रश्नोत्तरांतून

*एका श्रोत्यांनी विचारले : माझी मुलगी या क्षेत्रात यायचं म्हणते. आता एआय सगळं लिहून देतं. तिने यावं का?*

खरं सांगते, मीही हा प्रश्न रोज विचारते स्वतःला. ज्या स्टोरीबोर्डला आम्ही आठवडा घ्यायचो तो आता काही मिनिटांत कच्चा तयार होतो. मॅन्युअल वाचून धडे लिहिणं एवढंच जिचं काम, तिची नोकरी धोक्यात आहे. मी हे गोड करून सांगणार नाही. आमच्या आग्रा रोडवरच्या टूलरूममधल्या लोकांनाही कोणी वेळेवर खरं सांगितलं नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हा वडील पन्नाशीत होते. त्यांच्या हातात जे होतं ते लिहून घ्यायला कोणी आलं नाही.

पण मशीन बदललं आहे हे मॅन्युअलला माहीत नव्हतं, ते एआयलाही माहीत नसणार. ते कदम यांना माहीत होतं. तेव्हा मुलीला सांगा, येऊ दे. फक्त पहिल्या दोन वर्षांत अंधेरीच्या एसीत बसून राहू नको म्हणावं. बसच्या डेपोत जा, हॉस्पिटलच्या वॉर्डात जा, कारखान्यात जा. काम करणाऱ्याच्या शेजारी पाळीभर उभी राहा. मशीनवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाच. आणि कोर्स देऊन झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा त्या जागी जाईन, हे करारात लिहून घ्यायला शीक. पैसे नाही मिळाले तरी एकदा जा.

तेवढी उमेदवारी केलीस तर तुला कोणी काढणार नाही, असं मी म्हणू शकत नाही. पण काम येईल, एवढं नक्की.